घटनादुरुस्ती वाचायची कशी?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत, म्हणून आधी ते सुटे करून घेतो. पहिला असा की आपल्या राज्यघटनेत २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या आणि अमेरिकेच्या घटनेत सव्वादोनशेहून जास्त वर्षांत फक्त २७, मग आपली घटना एवढी कच्ची आहे का? दुसरा, सरकारकडे दोन तृतीयांश खासदार आले की घटनेत हवं ते बदलता येतं, असं तुमच्या मित्राने ठासून सांगितलं, ते खरं का? तिसरा तुम्ही जाता जाता विचारलात. पुस्तक हातात घेतल्यावर मूळचं काय, नंतर घातलेलं काय आणि आज लागू काय, हे ओळखायचं कसं?

माझ्या लेखी तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, पण पहिल्या दोघांचा निकाल लावल्याशिवाय तिथे पोचता येणार नाही. मी उच्च न्यायालयात तीस वर्षं वकिली केली, त्यातली बरीचशी स्थानबद्धतेच्या, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवण्याच्या, आणि सहकारी संस्थांच्या प्रकरणांत. घटनादुरुस्त्या मला संसदेतल्या भाषणांपेक्षा अशिलांच्या कागदांतून जास्त भेटल्या. तेव्हा उत्तरही त्याच बाजूने येईल.

आकड्यापासून सुरू करू. कलम ३३४ उघडा. लोकसभेत आणि विधानसभांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा किती काळ राहतील, ते त्यात आहे. मूळ मुदत दहा वर्षांची. ती संपत आली की वाढवायची. आठवी दुरुस्ती, तेविसावी, पंचेचाळिसावी, बासष्टावी, एकोणऐंशीवी, पंच्याण्णवावी आणि एकशे चौथी, अशा सात दुरुस्त्यांचं मुख्य काम एकच: 'दहा'च्या जागी 'वीस', 'वीस'च्या जागी 'तीस', असं करत 'ऐंशी'पर्यंत येणं. नवव्या अनुसूचीचंही तसंच. न्यायालयीन आव्हानापासून वाचवायचे कायदे या यादीत घालतात. १९५१च्या पहिल्या दुरुस्तीने ती जन्माला आली तेव्हा तिच्यात १३ कायदे होते, आज यादी २८४ पर्यंत गेली आहे. निदान सहा दुरुस्त्यांनी त्या यादीत नावं वाढवण्यापलीकडे काही केलेलं नाही. १९९० आणि ९१ या दोन वर्षांत पंजाबातली राष्ट्रपती राजवट लांबवण्यासाठी तीन दुरुस्त्या झाल्या. दर वेळी प्रश्न सहा महिन्यांचा किंवा फार तर वर्षाचा होता.

आता याच्या उलट टोक. १९७६ची बेचाळिसावी दुरुस्ती मोजणीत 'एक' धरली जाते. तिच्यात ५९ कलमं होती. उद्देशिकेत 'समाजवादी', 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द आले, मूलभूत कर्तव्यं आली, शिक्षण आणि वनं धरून पाच विषय राज्य सूचीतून उचलून समवर्ती सूचीत (जिथे केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात) गेले, लोकसभेची मुदत सहा वर्षं झाली, न्यायालयांचे हातपाय बांधले गेले. ही एक आणि कलम ३३४ मधला शब्द बदलणारीही एक. अशा बेरजेतून कच्चेपणा कसा कळणार?

शिवाय या बेरजेत न धरलेले बदल आहेतच. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आलं, म्हणजे घटनेची पहिली अनुसूची बदलली, राज्यसभेच्या जागांची चौथी अनुसूची बदलली. पण १०६ मध्ये महाराष्ट्र कुठेच नाही. कारण नवं राज्य करणं, सीमा बदलणं हे कलम २ ते ४ खाली साध्या बहुमताच्या कायद्याने होतं आणि कलम ४ स्वतःच म्हणतं की याला कलम ३६८ खालची, म्हणजे घटनादुरुस्तीच्या ठरलेल्या पद्धतीची, दुरुस्ती समजू नये. विधान परिषद स्थापन करणं किंवा बरखास्त करणं, आदिवासी भागांच्या कारभाराच्या पाचव्या-सहाव्या अनुसूचीतले बदल, हेही त्याच वाटेने होतात. २०१९ मध्ये कलम ३७० बाबत जे झालं ते राष्ट्रपतींच्या आदेशांनी झालं, तेही १०६ मध्ये नाही. आणि न्यायालयाने अर्थ बदलला तर एकही अक्षर हलत नाही. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या कलम २१ मधले शब्द १९५० साली होते तेच आज आहेत, पण १९७८च्या मनेका गांधी निकालानंतर आणि २०१७च्या नऊ न्यायमूर्तींच्या खासगीपणाच्या निकालानंतर ते कलम पूर्वीचं राहिलेलं नाही.

अमेरिकेशी तुलना करायची तर आधी जाडी बघा. तिथली घटना काही पानांची, बाकी सगळं कायद्यांवर आणि न्यायालयावर सोडलेलं. बदल करायचा तर तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता लागते, म्हणजे आज ५० पैकी ३८. त्यांची सत्ताविसावी दुरुस्ती १७८९ साली मांडली गेली आणि १९९२ साली पूर्ण झाली! आपल्याकडे लोकसेवा आयोगापासून कर कोणी लावायचा इथपर्यंत सगळं घटनेत लिहिलंय. जे कायद्यात असतं ते घटनेत लिहिलं की कायद्याच्या वेगाने घटना बदलावी लागते. हे चांगलं की वाईट यावर वाद घालता येईल, पण दुरुस्त्यांची संख्या मोठी असण्याचं ते साधं कारण आहे.

आता दोन तृतीयांशाकडे. तुमच्या मित्राचं म्हणणं एक पाव खरं आहे.

कलम ३६८ खाली प्रत्येक सभागृहात दोन कसोट्या एकाच वेळी लागतात. उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं हवीत, आणि तो आकडा सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त हवा. रिकाम्या जागाही एकूणात धरतात. लोकसभा ५४३ची, म्हणजे किमान २७२ मतं कुठल्याही परिस्थितीत हवीत. ५०० जणांनी मत दिलं तर ३३४ लागतील. गैरहजर राहणारा किंवा तटस्थ राहणारा दोन तृतीयांशाच्या हिशेबातून वजा होतो. म्हणून 'आम्ही विरोध करणार नाही, पण मतही देणार नाही' ही भूमिका घटनादुरुस्तीच्या वेळी सरकारला मोठी मदत असते. बातम्यांत हे क्वचितच सांगतात.

हेच सगळं राज्यसभेत वेगळं करायचं. नेहमीच्या विधेयकावर दोन सभागृहांत मतभेद झाला तर संयुक्त बैठक बोलावता येते, घटनादुरुस्तीला ती सोय नाही. इथे मला १९७० सालची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. संस्थानिकांचे तनखे बंद करणारं विधेयक लोकसभेत मंजूर झालं आणि सप्टेंबरमध्ये राज्यसभेत आलं. बाजूने १४९, विरोधात ७५. एकूण २२४, त्याचे दोन तृतीयांश १४९.३३. एक तृतीयांश मताने विधेयक पडलं! सरकारने मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द केला, १९७१ची निवडणूक झाली, आणि सव्विसाव्या दुरुस्तीने तनखे अखेर गेले. पंचायत राजचं १९८९चं विधेयकही राज्यसभेतच अडलं होतं. ते नव्या रूपात १९९२ मध्ये त्र्याहत्तरावी दुरुस्ती म्हणून मंजूर झालं. तेव्हा लोकसभेत बहुमत आहे एवढ्यावर घटना बदलत नाही.

तिसरा अडसर राज्यांचा. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र आणि राज्याच्या कार्यकारी अधिकाराची व्याप्ती, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, कायदे करण्याच्या अधिकारांची वाटणी, सातव्या अनुसूचीतल्या सूची, संसदेत राज्यांचं प्रतिनिधित्व, जीएसटी परिषद आणि खुद्द कलम ३६८, यांना हात लावायचा तर संसदेच्या विशेष बहुमतानंतर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव लागतात. आज २८ राज्यं आहेत, म्हणजे १४. ठराव साध्या बहुमताने होतो आणि त्याला घटनेत मुदत दिलेली नाही. राज्य स्वतःहून घटनादुरुस्तीचं विधेयक मांडू शकत नाही. शेवटी राष्ट्रपतींची संमती, जी १९७१च्या चोविसाव्या दुरुस्तीपासून द्यावीच लागते.

राज्यांची ही पायरी कागदावर किरकोळ दिसते. माझ्या कामात मात्र तीच सगळ्यात जास्त वेळा आडवी आली. दोन उदाहरणं देतो, पहिलं थोडक्यात. १९८५च्या बावन्नाव्या दुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. तिच्या सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं की अपात्रतेच्या बाबतीत कुठल्याही न्यायालयाला अधिकार नाही. म्हणजे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या अधिकारांना हात लागला, म्हणजे राज्यांची मान्यता हवी होती, आणि ती घेतलेलीच नव्हती. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किहोटो होलोहान प्रकरणात तो परिच्छेद काढून टाकला, बाकीची अनुसूची ठेवली. २०२२ नंतर महाराष्ट्रातले अपात्रतेचे वाद न्यायालयाच्या दारात जाऊ शकले, त्यामागे ही जुनी चूक आहे.

दुसरं उदाहरण सहकाराचं, आणि त्यात मी स्वतः भरपूर घाम गाळला आहे. २०११ची सत्त्याण्णवावी दुरुस्ती. सहकारी संस्थेच्या संचालकांची संख्या २१ पेक्षा जास्त नको, मुदत पाच वर्षं, निवडणूक कोणी घ्यायची, लेखापरीक्षण कसं करायचं, असा अख्खा भाग नऊ-ख घटनेत आला. राज्यांनी आपले सहकार कायदे त्याला जुळवून घ्यायचे होते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला १९६०चा कायदा बदललाही. त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने म्हटलं की सहकारी संस्था हा राज्य सूचीतला विषय आहे, त्यावरच्या राज्याच्या अधिकाराला कात्री लावणारी दुरुस्ती निम्म्या राज्यांना विचारल्याशिवाय होऊच शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये ते मान्य केलं. राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग निष्प्रभ झाला.

निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. 'साहेब, घटनादुरुस्ती गेली, मग आमच्या संस्थेची निवडणूक पण रद्द ना?' एका पतसंस्थेच्या विरोधी गटाने तर पेढे वाटले होते. त्यांना समजावताना मला हेच सांगावं लागलं की राज्याचा २०१३चा कायदा विधिमंडळाने स्वतःच्या अधिकारात केला आहे. त्याला प्रेरणा घटनादुरुस्तीची असेल, पण त्याचा आधार राज्य सूची आहे आणि ती कुठेही गेलेली नाही. विधिमंडळ तो कायदा बदलेपर्यंत तो लागू. फरक इतकाच की आता विधिमंडळाला तो बदलायची मोकळीक मिळाली. शिवाय त्याच दुरुस्तीतून कलम १९ मध्ये आलेले 'सहकारी संस्था' हे शब्द आणि अशा संस्थांना राज्याने प्रोत्साहन द्यावं असं सांगणारं कलम ४३-ख शाबूत आहेत. एक दुरुस्ती, तिचे तीन तुकडे, प्रत्येकाचं नशीब वेगळं. म्हणून 'अमुक दुरुस्ती रद्द झाली' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, नेमका कुठला तुकडा?

एवढे सगळे टप्पे पार केले तरी एक उरतं, आणि त्याचा उल्लेख कलम ३६८ मध्ये कुठेच नाही.

संसदेने मूलभूत हक्क दुरुस्त करावेत का, यावर न्यायालय आणि संसद वीस-बावीस वर्षं भांडत होते. १९५१ मध्ये शंकरीप्रसाद प्रकरणात न्यायालय म्हणालं, करा. १९६४ मध्ये सज्जनसिंग प्रकरणातही तेच. १९६७ मध्ये गोलकनाथ प्रकरणात सहा विरुद्ध पाच अशा मतांनी म्हणालं, हात लावायचा नाही. १९७१ मध्ये संसदेने चोविसावी दुरुस्ती करून सांगितलं, लावणार. आणि २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती प्रकरणात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने ६८ दिवसांच्या सुनावणीनंतर सात विरुद्ध सहा असा मधला रस्ता काढला: कुठलंही कलम दुरुस्त करा, पण घटनेची मूलभूत चौकट मोडायची नाही. चौकटीत काय काय येतं याची यादी तेव्हाही केली नाही आणि आजही नाही. लोकशाही, संघराज्य, धर्मनिरपेक्षता, कायद्याचं राज्य, न्यायालयीन पुनर्विलोकन, मुक्त निवडणुका ही नावं वेगवेगळ्या निकालांतून जमत गेली आहेत.

म्हणून एखादी दुरुस्ती टिकेल का, असं कुणी विचारलं की मी छातीठोक उत्तर देत नाही. ते परिस्थितीवर आणि पीठावर अवलंबून असतं, हे मोकळेपणाने मान्य करतो. न्यायमूर्तींच्या नेमणुकांसाठी आयोग नेमणारी नव्व्याण्णवावी दुरुस्ती संसदेत जवळजवळ एकमताने निघाली, सोळा राज्यांनी मान्य केली, राष्ट्रपतींची सही झाली, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मताने अख्खी गेली. आर्थिक दुर्बलांना दहा टक्के आरक्षण देणारी एकशे तिसरी पटकन होऊन गेली, तिच्यावर टीकाही भरपूर झाली, आणि ती नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी टिकली. चौकटीच्या नावाखाली न्यायालयाने पाडलेल्या तरतुदी दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. हत्यार मोठं आहे, पण ते क्वचित उपसलं जातं.

तुमच्या मित्राला उत्तर देताना मी दुसरी बाजूही लपवणार नाही. हे सगळे अडसर असूनही १९७५-७६ मध्ये घटना हवी तशी वाकवली गेली. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाबाहेर काढणारी एकोणचाळिसावी दुरुस्ती ७ ऑगस्ट १९७५ला लोकसभेत आली आणि राज्यांची मान्यता धरून १० तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळवून मोकळी झाली. विरोधी नेते तुरुंगात होते, मग दोन तृतीयांश जमवायला कितीसा त्रास? त्या दुरुस्तीचा गाभा नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडला खरा, पण बेचाळिसाव्या दुरुस्तीचा मोठा भाग मागे घ्यायला १९७७ची निवडणूकच लागली. त्यानंतर त्रेचाळिसावी आणि चव्वेचाळिसावी दुरुस्ती आली. अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी लावण्याची सोय गेली, तिथे 'सशस्त्र उठाव' हे शब्द आले. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघून कलम ३००-क मध्ये गेला. मूलभूत चौकट बदलायची तर सार्वमत घ्यावं, अशीही तरतूद त्या विधेयकात होती. ती राज्यसभेत गळाली. मला ती कल्पना कधीच पटली नव्हती, पण तो वेगळा वाद आहे. उरलेला काटा मिनर्व्हा मिल्स प्रकरणाने १९८० मध्ये काढला: दुरुस्तीचा अधिकार अमर्याद आहे असं बेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम ३६८ मध्ये लिहून ठेवलं होतं, ते न्यायालयाने रद्द केलं.

आतापर्यंतच्या गोष्टींत एक लय तुमच्या लक्षात आली असेल. संसद बोलते, न्यायालय उत्तर देतं, संसद पुन्हा बोलते. बहुतेक महत्त्वाच्या दुरुस्त्या कशाचं तरी उत्तर असतात. पहिल्या दुरुस्तीतला कलम १५चा चौथा खंड मद्रासमधल्या प्रवेशांच्या राखीव जागा रद्द करणाऱ्या चंपकम दोराईराजन निकालाला दिलेलं उत्तर होता. मंडल निकालाने १९९२ मध्ये पदोन्नतीतलं आरक्षण अडवलं, त्यातून १९९५ ते २००१ या काळात सत्त्याहत्तरावी, एक्क्याऐंशीवी, ब्याऐंशीवी आणि पंच्याऐंशीवी अशा चार दुरुस्त्या आल्या. आपल्या घरचं उदाहरण ताजं आहे. २०१८च्या एकशे दुसऱ्या दुरुस्तीने राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा दिला. मे २०२१ मध्ये मराठा आरक्षणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं की या दुरुस्तीमुळे सामाजिक मागासांची यादी ठरवण्याचा राज्यांचा अधिकार गेला. ऑगस्टमध्ये एकशे पाचवी दुरुस्ती होऊन तो परत मिळाला. तेव्हा कित्येकांना वाटलं, आरक्षणाचा अडथळा दूर झाला. पण त्याच निकालात ५० टक्क्यांच्या मर्यादेचा स्वतंत्र मुद्दा होता आणि एकशे पाचव्या दुरुस्तीने त्याला स्पर्शही केला नाही. दुरुस्ती ज्याला उत्तर देते तो निकाल शेजारी ठेवून वाचला नाही, तर असा गैरसमज हमखास होतो.

आता पुस्तक. सरकारी प्रत घ्या, मराठीतही मिळते. मजकुरात चौकोनी कंस दिसतील, त्यांच्या आधी बारीक आकडा असेल. कंसातलं नंतर आलेलं. आकड्याची तळटीप पानाच्या खाली, तिथे कुठल्या दुरुस्तीने, कुठल्या कलमान्वये, आणि कोणत्या तारखेपासून, हे तिन्ही दिलेलं असतं. तारांकित जागा म्हणजे काहीतरी गाळलेलं. ३००-क, २४३-ट असली अक्षरं लागलेली कलमं उघडच नंतरची. मूळच्या ३९५ कलमांचा क्रम मोडू नये म्हणून ही पद्धत, त्यामुळे शेवटचं कलम आजही ३९५च आहे. विधेयकाचा क्रमांक आणि दुरुस्तीचा क्रमांक यांत गोंधळू नका. जीएसटीचं विधेयक १२२वं होतं, दुरुस्ती १०१वी झाली. महिला आरक्षणाचं विधेयक १२८वं, दुरुस्ती १०६वी. पडलेली विधेयकंही क्रमांक खातात, म्हणून हा फरक.

आणि तारीख. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका स्थानबद्धतेच्या याचिकेत मी मोठ्या आत्मविश्वासाने मुद्दा मांडला की स्थानबद्धता योग्य आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय माणसाला दोन महिन्यांपेक्षा जास्त डांबता येत नाही, चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तीन महिन्यांचे दोन केले आहेत. हातात एक गाइड होतं, त्यात कलम २२ तसंच छापलेलं. न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि विचारलं, 'वकीलसाहेब, हा बदल अमलात कधी आला?' मी म्हणालो, १९७८. ते म्हणाले, 'तारीख दाखवा.' तारीख नव्हती. त्या दुरुस्तीचं कलम ३ केंद्र सरकार अधिसूचना काढेल तेव्हा लागू होणार होतं, आणि ती अधिसूचना निघालेलीच नव्हती. ती काढायला सरकारला भाग पाडता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच ए. के. रॉय प्रकरणात सांगून ठेवलं होतं. माझा मुद्दा तिथल्या तिथे निकालात निघाला. माणूस सुटला, पण दुसऱ्या कारणावर: त्याच्या निवेदनावर निर्णय घ्यायला शासनाने फार वेळ लावला होता.

तेव्हापासून कुठलीही दुरुस्ती समोर आली की संमतीची तारीख आणि अमलाची तारीख मी वेगळ्या लिहून ठेवतो. शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारी शहाऐंशीवी दुरुस्ती २००२ची, पण कलम २१-क लागू झालं १ एप्रिल २०१० पासून. मधल्या सात वर्षांत 'कलम २१-क आता लागू आहे' असं म्हणणारे सगळे चुकत होते. एकशे सहाव्या दुरुस्तीचा २०२३चा मजकूर वाचा. महिलांच्या राखीव जागा त्यात पुढच्या जनगणनेनंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलेल्या आहेत.

तुम्ही सराव कुठून करायचा म्हणून विचाराल तर कलम २२ पासूनच करा. सरकारी प्रतीत चौथ्या खंडात 'तीन महिने' सापडतील, आणि खाली तळटिपेत, १९७८ पासून अधिसूचनेची वाट बघणारे, 'दोन महिने'.